सूर्य विझत नाही आणि फुटतही नाही, ते का?

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांनी गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं आणि दहावीतल्या मुलीने त्यांना कोंडीत पकडलं. सूर्यावर ऑक्सिजन नाही, मग तो जळतो कसा? जळत असेल तर एवढ्या वर्षांत विझला कसा नाही? आणि तिथे हायड्रोजन बॉम्बमधल्यासारखीच क्रिया चालू असेल, तर तो एकदाच फुटून मोकळा का होत नाही? वडिलांनी त्यात स्वतःचा एक प्रश्न घातला: बातम्यांमधला तो 'कृत्रिम सूर्य' खरंच वीज देणार आहे का, की आपलं गच्चीवरचंच बरं?

महाविद्यालयात अणुकेंद्रकाचा विषय मी बरीच वर्षं शिकवला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, मुलीचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन भिडतात. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढू, कारण गाइडं पाठ करून करून तो पक्का झालेला असतो. 'सूर्यात केंद्रकीय संमीलन (हलकी केंद्रकं जुळून जड केंद्रक होणं) होतं म्हणून सूर्य तापलेला आहे' हे वाक्य अर्धंच खरं आहे. सूर्य तापला तो स्वतःच्या वजनाने. वायूचा प्रचंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत आत कोसळत गेला. आकसताना सुटलेल्या ऊर्जेतली साधारण निम्मी प्रकाश होऊन बाहेर गेली आणि निम्मी आत राहून ताप वाढवत गेली. गाभा पुरेसा तापला तेव्हा कुठे संमीलन सुरू झालं. तेव्हापासून संमीलनाचं काम एकच: पृष्ठभागावरून जेवढी उष्णता निसटते तेवढी आतून भरून देणं, म्हणजे सूर्याला आणखी आकसावं लागत नाही. ताप गुरुत्वाकर्षणाने दिला, संमीलनाने दिलं ते दीर्घायुष्य. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता जळण्याचं. जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, आणि त्यात अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. अणूचं केंद्रक जसंच्या तसं राहतं. अशा जळण्यातून मिळणारी ऊर्जा सूर्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. सूर्य सेकंदाला सुमारे ३.८३ गुणिले दहाचा २६वा घात इतके ज्यूल बाहेर टाकतो. आख्खा सूर्य उत्तम दगडी कोळशाचा आहे आणि लागेल तेवढा ऑक्सिजनही फुकट मिळतो आहे असं धरलं, तरी हा खर्च सुमारे ५,००० वर्षांत सगळं संपवतो. हडप्पाच्या काळात पेटवला असता तर आतापर्यंत राख झाली असती.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड केल्विन यांनी त्याहून बरा हिशेब मांडला. सूर्य हळूहळू आकसतो आहे आणि त्या आकसण्यातून उष्णता निघते, असं ते म्हणत. गणित अगदी बरोबर होतं. त्यातून सूर्याचं वय आलं दोन-तीन कोटी वर्षं. इकडे भूगर्भशास्त्रज्ञ खडकांचे थर मोजून आणि डार्विन सजीवांची उत्क्रांती पाहून म्हणत होते, एवढ्यात भागत नाही, याहून कितीतरी जास्त काळ लागला असला पाहिजे. ही तक्रार खरी निघाली. पृथ्वी आणि सूर्य दोन्ही सुमारे ४६० कोटी वर्षांचे आहेत. केल्विन चुकले म्हणून त्यांची चेष्टा करण्याची एक रीत आहे, ती मला पटत नाही. आकसून तापणं ही सूर्याच्या जन्माची खरी गोष्टच आहे. आज संमीलन अचानक थांबलं, तरी सूर्य लगेच विझणार नाही. केल्विनच्याच हिशेबाने तो आकसत आकसत आणखी लाखो वर्षं तळपत राहील. त्यांच्या काळी अणुकेंद्रक हा प्रकारच कोणाला माहीत नव्हता.

तो माहीत झाल्यावर धागा हाती आला. १९२० मध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी अणूंची वस्तुमानं फार बारकाईने मोजली. आजच्या आकड्यांत सांगायचं तर हायड्रोजनच्या चार अणूंचं वस्तुमान भरतं ४.०३१३ एकक आणि त्याच सामग्रीतून तयार होऊ शकणाऱ्या हेलियमच्या एका अणूचं ४.००२६. फरक सुमारे ०.७ टक्के. त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन यांनी जाहीरपणे मांडलं की ताऱ्यांत हायड्रोजनचा हेलियम होत असेल, तर ही तूट ऊर्जा होऊन बाहेर पडत असणार. वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग हे आइन्स्टाइनचं सूत्र तोवर पंधरा वर्षं जुनं झालं होतं.

हा ०.७ टक्का किती मोठा आहे ते आपल्या गावच्या मापाने पाहू. होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र आहे. ते दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर साधारण ३ कोटी १७ लाख युनिट वीज होते आणि त्यासाठी हजारो टन कोळसा लागतो. एवढीच ऊर्जा संमीलनातून काढायची तर हायड्रोजन लागेल पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातला सव्वा ग्रॅम नाहीसा होईल, बाकीचा हेलियम म्हणून शिल्लक राहील.

पण सूर्यात एवढा हायड्रोजन आहे, हे तरी कुठे ठाऊक होतं? त्या काळी समज असा होता की सूर्यही बराचसा पृथ्वीसारख्याच मालाचा आहे, लोखंड वगैरे. इथे आपल्या मेघनाद साहांचं काम येतं. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावतात, याचं समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडलं. ते हाती घेऊन सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने ताऱ्यांच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा वाचल्या आणि १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या दबावामुळे तिला आपलाच निष्कर्ष प्रबंधात सौम्य करून लिहावा लागला. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षावर आले.

हेलियमची ओळख तर पृथ्वीआधी सूर्यावरच पटली आणि त्यात आपला मुलूखही येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते आणि विजापूरच्या पलीकडे जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. त्या काळात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, ती माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाही तीच रेषा टिपली. विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या ओट्या'वरून लॉकियरनी हेलियम शोधला, असं कोकणात हौसेने सांगतात. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होते. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झी यांना.

माल सापडला, हिशेब जुळला, तरी अडचण उरलीच. संमीलन व्हायचं तर हायड्रोजनची दोन केंद्रकं, म्हणजे दोन प्रोटॉन, एकमेकांना जवळजवळ चिकटायला हवेत. दोन्ही धन भाराचे, त्यामुळे जवळ येतील तसे जास्त जोराने एकमेकांना दूर लोटतात. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश आहे. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्या तापमानाला प्रोटॉनची जी सरासरी ऊर्जा असते, ती हा अडसर ओलांडायला साधारण हजारपट कमी पडते. एडिंग्टनच्या टीकाकारांचा हाच मुद्दा होता की तारे एवढ्या कामाला पुरेसे गरम नाहीत. त्यावर एडिंग्टननी त्यांना याहून गरम जागा शोधायला सांगितलं, म्हणजे सभ्य भाषेत नरकात धाडलं.

सुटका केली पुंजयामिकीने, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सने. कणाची जागा नेमकी एका बिंदूवर ठरलेली नसते, ती पसरट असते. त्यामुळे ऊर्जा कमी असूनही अडसराच्या पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता कणाला असते. याला टनेलिंग म्हणतात. जॉर्ज गॅमॉ यांनी १९२८ मध्ये किरणोत्सर्ग समजावून सांगण्यासाठी ते वापरलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ते ताऱ्यांना लावलं. प्रत्यक्ष क्रियेच्या पायऱ्या १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी बसवल्या, पहिली साखळी चार्ल्स क्रिचफील्ड यांच्यासोबत. बेथेंना त्याबद्दल १९६७ चं नोबेल मिळालं.

त्या पायऱ्या अशा. दोन प्रोटॉन भिडतात, त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन होतो आणि जोडी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, म्हणून टिकते. सोबत एक पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) आणि एक न्यूट्रिनो (कशालाही क्वचितच अडणारा, भार नसलेला अतिहलका कण) बाहेर पडतो. पॉझिट्रॉनला लगेच इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघांचेही गामा किरण होतात. ड्यूटेरियमला काही सेकंदांतच तिसरा प्रोटॉन गाठतो आणि हलका हेलियम बनतो, हेलियम-३. असे दोन हेलियम-३ भिडले की नेहमीचा हेलियम-४ तयार होतो आणि दोन प्रोटॉन परत मोकळे सुटतात. जमाखर्च केला तर चार प्रोटॉन गेले, एक हेलियम आला, आणि २६.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटली. यातली दोन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या मदतीने चालणारं दुसरं एक चक्रही आहे. व्याधासारख्या जड ताऱ्यांत तेच मुख्य, सूर्यात त्याचा वाटा जेमतेम एक टक्का.

मला विचाराल तर या सगळ्यात पहिली पायरी खरी महत्त्वाची, आणि परीक्षेत नेमकी तीच घाईघाईने उरकली जाते. दोन प्रोटॉन नुसते चिकटून टिकत नाहीत. अशी जोडी जन्मताच मोडते. ती टिकण्यासाठी भिडलेल्या त्याच क्षणी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायला लागतो. हे काम निसर्गातल्या ज्या बलाकडे आहे ते नावाप्रमाणेच क्षीण. त्यामुळे गाभ्यातल्या एखाद्या ठरावीक प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी ९०० कोटी वर्षांच्या घरात वाट पाहावी लागते. हे सूर्याच्या आजच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट झालं. तरी क्रिया चालू राहते, कारण सूर्यात प्रोटॉनच जवळपास १ वर ५७ शून्यं इतके आहेत. प्रत्येकाची पाळी क्वचित येते, पण रांग एवढी लांब आहे की कोणाची ना कोणाची येतच राहते.

म्हणून सूर्य बॉम्ब होत नाही. हायड्रोजन बॉम्बमध्ये साधा हायड्रोजन नसतोच. तिथे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (एक आणि दोन न्यूट्रॉन असलेले जड हायड्रोजन) असतात, न्यूट्रॉन आधीच तयार असतात, ती संथ पहिली पायरी वगळलेली असते. सूर्याला ती वगळता येत नाही.

परिणाम आकड्यांत पाहिला की पटतो. सूर्याची सगळी शक्ती त्याच्या वस्तुमानाने भागा: एक टन सूर्यामागे साधारण ०.२ वॅट येतात. देवघरातला अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो बल्ब पेटवायला अडीच टन सूर्य लागेल! माणूस नुसता बसून सुमारे १०० वॅट उष्णता टाकतो, तेवढ्यासाठी ५०० टनांहून जास्त सूर्य हवा. हे सरासरीचं झालं. जिथे क्रिया सर्वांत जोरात आहे त्या अगदी मध्यातही एका घनमीटरमागे सुमारे २७६ वॅटच निघतात, म्हणजे शेतावरचा शेणखताचा उकिरडा थंडीच्या सकाळी हात घातला की जसा कोमट-गरम लागतो त्या पातळीचं काम. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास म्हणतात, सर, एक शून्य राहिलं. राहिलेलं नसतं. सूर्य तेजस्वी आहे तो आकाराने. पृथ्वीसारखे तेरा लाख गोळे आत मावतील एवढ्या घनफळातली ऊर्जा बाहेर पडायला वाट फक्त पृष्ठभागाची.

न फुटण्याचं दुसरं कारण म्हणजे सूर्य स्वतःला आवरतो. समजा गाभा थोडा जास्त तापला. तापमान एक टक्का वाढलं तर क्रियेचा वेग चार टक्क्यांच्या आसपास वाढतो. मग दाब वाढतो, गाभा प्रसरण पावतो, प्रसरण पावला की थंड होतो आणि क्रिया मंदावते. उलट थंड पडला तर वरच्या थरांचं वजन त्याला दाबतं, तो पुन्हा तापतो. मध्यावर दाब वातावरणाच्या सुमारे २५,००० कोटी पट आहे, घनता शिशाच्या तेरापट, आणि तरी तो पदार्थ वायूसारखाच वागतो, म्हणून हे जमतं. ज्या ताऱ्यांत पदार्थ असं वागायचं सोडून देतो, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या श्वेत बटूंमध्ये, तिथे तापमान वाढलं तरी प्रसरण होत नाही आणि मग खरोखरच स्फोट होतात. आपल्या सूर्याच्या बाबतीत आज ती भीती नाही.

आता खर्चाची बाजू. सूर्य सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम करतो आणि त्यात ४२-४३ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. गेल्या ४६० कोटी वर्षांची बेरीज केली तर सुमारे १०० पृथ्व्यांएवढं वस्तुमान गेलं. सूर्याच्या एकूण वस्तुमानाच्या मानाने हे ०.०३ टक्के. आणि त्या ४२ लाख टनांपैकी पृथ्वीच्या वाट्याला येतं सेकंदाला जेमतेम दोन किलो! ज्वारीचं कणीस, उजनीवरचे ढग, कोळशात कोट्यवधी वर्षांपूर्वी साठलेलं ऊन, तुमच्या गच्चीवरची वीज, सगळं त्या दोन किलोंच्या जिवावर चाललं आहे.

सोलापूरचा मे महिना आणि सूर्याचं इंधन यांचा काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो, कारण विचारतात लोक. अकरा वर्षांच्या डागांच्या चक्रात सूर्याचा एकूण प्रकाश फक्त ०.१ टक्क्याने खालीवर होतो. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या सुमारास आपण स्वेटर घालून फिरतो, तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तिला जुलैपेक्षा जवळजवळ सात टक्के जास्त ऊर्जा मिळते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच लपते. हवा कोरडी, जमीन सुकलेली. ताप त्याचा आहे.

गाभ्यात निघालेली ऊर्जा डोळ्यांना दिसणारा प्रकाश कशी बनते, हा भाग बहुतेक ठिकाणी एका ओळीत संपवतात. संमीलनातून उजेड निघत नाही. निघतात गामा किरण आणि वेगाने धावणारे कण. गामा किरण सेंटिमीटरभरही सरळ जात नाहीत तोच कशावर तरी आदळतात, शोषले जातात, पुन्हा दुसऱ्याच दिशेला फेकले जातात. प्रत्येक वेळी बाहेरच्या बाजूला थोडं थंड सापडतं, म्हणून ऊर्जा हळूहळू बाहेर झिरपते आणि किरणांची संख्या वाढत, प्रत्येकाची ऊर्जा घटत जाते. गामाचे क्ष-किरण, मग अतिनील, मग दृश्य. त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांपर्यंत असा प्रवास. पुढे वायूच उकळत वर येतो आणि ऊर्जा पोचवून पुन्हा खाली बुडतो. या उकळीचे बुडबुडे दुर्बिणीतून दाण्यांसारखे दिसतात, एकेक दाणा सुमारे १,००० किलोमीटरचा, आख्खा महाराष्ट्र आडवा मावेल एवढा, आणि आयुष्य पंधराएक मिनिटांचं. शेवटी काही शे किलोमीटर जाडीच्या थरात वायू इतका विरळ होतो की प्रकाश सुटतो. तो थर साडेपाच हजार अंश सेल्सिअसला आहे आणि त्या तापमानाचा पदार्थ जसा पांढरा झळाळेल तसा तो झळाळतो. एक हेलियम तयार होताना निघालेल्या ऊर्जेतून पृष्ठभागावर सुमारे दोन कोटी प्रकाशकण बाहेर पडतात.

या प्रवासाला किती वेळ लागतो? हिशेब कसा मांडता त्यावर दहा हजारांपासून पावणेदोन लाख वर्षांपर्यंत उत्तरं येतात. 'आज पडलेला किरण लाख वर्षांपूर्वी गाभ्यातून निघाला' असं सर्रास लिहितात, ते मी टाळतो. निघालेला किरण केव्हाच मेला, त्याची ऊर्जा हातोहात पुढे आली. पृष्ठभागावरून सुटलेला प्रकाश मात्र तोच आपल्यापर्यंत येतो, १५ कोटी किलोमीटर, आठ मिनिटं वीस सेकंदांत.

मुलगी हुशार दिसते, तेव्हा तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: आतलं कोणी पाहिलं? सूर्याच्या आत दुर्बीण पाहू शकत नाही. आपलं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे टक लावून आहे, त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली आहे, पण तेही पाहतं ते बाहेरचे थर. गाभ्याची बातमी थेट आणतात न्यूट्रिनो. त्यांना कोणी अडवत नाही, दोन-अडीच सेकंदांत ते सूर्याबाहेर पडतात. आत्ता तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी जात आहेत. रात्रीही जातात, फक्त तेव्हा पृथ्वी भेदून पायांखालून वर.

ते पकडायला रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची ३.८ लाख लिटरची टाकी बसवली. न्यूट्रिनोने क्लोरिनच्या अणूचा आर्गॉन केला की ते मूठभर अणू त्या टाकीतून वेचून काढायचे. जॉन बाकॉल यांच्या गणिताने जितके यायला हवेत त्याच्या एक तृतीयांशच सापडले. कोणी म्हणे प्रयोग चुकला, कोणी म्हणे सूर्याचं गणित चुकलं. तीस वर्षांहून जास्त हा घोळ चालला. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या खाणीतल्या १,००० टन जड पाण्याने (ड्यूटेरियमच्या पाण्याने) निकाल दिला: न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि वाटेत प्रकार बदलतात. डेव्हिसची टाकी त्यातला एकच प्रकार ओळखत होती. प्रयोग बरोबर, सूर्याचं गणितही बरोबर. डेव्हिसना २००२ मध्ये नोबेल मिळालं, सडबरीच्या मॅकडोनाल्डना २०१५ मध्ये.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो २०१४ चा निकाल. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने त्या पहिल्या संथ पायरीतून निघणारे न्यूट्रिनोच थेट मोजले. न्यूट्रिनो सांगतात गाभ्यात आज किती ऊर्जा बनते आहे. पृष्ठभागावरचा प्रकाश सांगतो फार पूर्वी किती बनली होती. दोन्ही आकडे मोजमापाच्या अचूकतेत जुळले. एवढ्या काळात सूर्याने आपला वेग बदललेला नाही, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

विझण्याचं थोडक्यात. मध्यावर आता हायड्रोजन वस्तुमानाने एक तृतीयांशाच्या आसपास उरला आहे, सुरुवातीला सत्तर टक्क्यांच्या वर होता. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. मधल्या काळात सूर्य मंद होत जाणार नाही, उलट तापत जाईल. चार प्रोटॉनांच्या जागी एक हेलियम आला की कणांची संख्या घटते, गाभा किंचित दबतो, जास्त तापतो. जन्मल्यापासून सूर्य तीस टक्के जास्त प्रखर झालाच आहे. शेवटी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, पण पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी धोक्यात येतील, शंभरेक कोटी वर्षांत.

राहिला वडिलांचा कृत्रिम सूर्य. बातम्यांत हे नाव बहुतेक वेळा चीनच्या ईस्ट या संमीलनाच्या प्रायोगिक यंत्राला देतात. त्याने जानेवारी २०२५ मध्ये तापलेला प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) १,०६६ सेकंद सांभाळला, पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्टने १,३३७ सेकंद. भारतात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य आणि एसएसटी-१ ही यंत्रं आहेत आणि फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पात भारत भागीदार आहे. तिथे ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग आताच्या वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये लेझरने इंधनाला २.०५ मेगाज्यूल देऊन संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळवले, हे खरंच मोठं काम. पण ते लेझर चालवायला विजेच्या तारांतून ३०० मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते, हे मथळ्यात येत नाही.

'कृत्रिम सूर्य' हे नाव दिशाभूल करणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सूर्याची नक्कल करून वीजकेंद्र चालणारच नाही. सूर्याच्या अगदी मध्यातला माल उचलून फताटेवाडीला आणला आणि तिथल्या बॉयलरांना लागते तेवढी, म्हणजे साधारण ३,३०० मेगावॅट उष्णता त्यातून काढायची ठरवली, तर सव्वा कोटी घनमीटर माल लागेल, वजन १८० कोटी टन. म्हणून ही यंत्रं साधा हायड्रोजन वापरतच नाहीत. ती बॉम्बमधलंच ड्यूटेरियम-ट्रिटियम कणाकणाने वापरतात आणि सूर्याच्या दहापट, १५ कोटी अंशांपर्यंत तापवतात, कारण त्यांच्याकडे सूर्याचं वजनही नाही आणि ९०० कोटी वर्षंही नाहीत. एवढा तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवायचा, बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांचा भिंतींवरचा मारा सोसायचा आणि साडेबारा वर्षांच्या आत निम्मा होणारा ट्रिटियम लिथियमपासून तिथल्या तिथे तयार करायचा. तिन्ही कामं एकत्र आणि वर्षानुवर्षं चालवून अजून कोणी दाखवलेली नाहीत. होणार नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच्या भरवशावर वीजबिलाचं नियोजन करू नका.

तेव्हा गच्चीवरचंच बरं. निरभ्र दुपारी तिथे चौरस मीटरला साधारण १,००० वॅट पडतात, पॅनेल त्यातले विसेक टक्के घेतं. आपल्याकडे धूळ फार, पॅनेल सकाळी थंड असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि एप्रिल-मेमध्ये ऊन रणरणतं असून वीज कमी दिसली, तर लगेच बसवणाऱ्याला फोन लावू नका. पॅनेल तापलं की प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं, आणि आपल्या उन्हात पॅनेल साठ-पासष्ट अंशांवर सहज जातं.